रायझन ५५०० ओव्हरक्लॉक करून ५६००एक्सची बरोबरी होईल का? (आणि तीही खानदेशच्या मे महिन्यात)

अमळनेरी_फ्रेम
नमस्कार मंडळी. अमळनेरात माझं लग्नाच्या शूटिंगचं आणि एडिटिंगचं काम आहे. आखाजीपासून कामाचा ढीग पडलाय, आणि रेंडरला (म्हणजे एडिट केलेल्याची तयार व्हिडिओ फाइल बनवायला) लावलेलं मशीन दुपारभर घोंघावत बसतं.

मशीन असं आहे: एएमडीचा रायझन ५ ५५०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, प्रोसेसरच्या डब्यात आलेला छोटा कूलर, १६ जीबी रॅमची एकच स्टिक, जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्ड. माझ्या मित्राकडे ५६००एक्स आहे. कोअर (प्रोसेसरमधले काम करणारे भाग) दोघांचे सहा, थ्रेड (एका वेळी चालणारी कामं) बारा. फरक काय, तर माझा ४.२ गिगाहर्ट्झपर्यंत जातो, त्याचा ४.६ पर्यंत. अमेरिकेत बाजारात आले तेव्हा माझ्या चिपची किंमत १५९ डॉलर होती आणि त्याच्या चिपची २९९. मग माझा ओव्हरक्लॉक करून, म्हणजे कंपनीने ठरवलेल्या वेगाच्या वर चालवून, ४.६ वर नेला की झाली ना बरोबरी?

बी४५० वर ओव्हरक्लॉक होतो एवढं वाचलंय. ज्यांनी प्रत्यक्ष केलंय त्यांनी सांगा. दुपारी खोलीत ४२ डिग्री असतं, हेही धरून सांगा. यूट्यूबवरची सगळी मंडळी एसीत बसलेली दिसतात.

भरीत_पार्टी
भाऊ, मे महिनामा आठे माणूसच १०० डिग्रीवर चालस, चिपले काय बोल लावस!

सातपुडा_गेमर
माझ्याकडेही ५५०० च आहे, शहाद्याला. टॉवर कूलर (उंच, मोठा कूलर) लावून सगळे कोअर ४.५५ वर, १.२८ व्होल्टला चालवले. डिसेंबरात अजिबात तक्रार नव्हती, रात्र रात्र गेम चालायचे. एप्रिल लागला आणि तेच सेटिंग, तोच गेम, अर्ध्या तासात निळा स्क्रीन. आता उन्हाळ्यापुरतं ४.४ वर आणलंय. होतं दादा, पण हिवाळ्याचा आकडा उन्हाळ्यात चालेल असं धरू नका.

स्लॉटवन
धागा बघून बरं वाटलं. या छंदाची खरी मजा आम्ही धुळ्यात पाहिली.

२४ ऑगस्ट १९९८ ला इंटेलने एकाच दिवशी दोन चिप आणल्या. एक सेलेरॉन ३००ए, किंमत १४९ डॉलर. दुसरी पेंटियम टू ४५०, किंमत ६६९ डॉलर. प्रोसेसरचा वेग म्हणजे बोर्डाच्या बसचा वेग गुणिले गुणक. सेलेरॉनचा गुणक ४.५ वर कुलूपबंद होता आणि बस ६६ मेगाहर्ट्झची, म्हणून ३००. बस १०० वर नेली की ४.५ गुणिले १००, सरळ ४५०. अबिटच्या बीएच६ बोर्डावर बायोसमध्येच (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) ती सोय होती. ज्यांच्या बोर्डावर नव्हती ते प्रोसेसरच्या कार्डाच्या (तेव्हा तो कार्डावर बसवलेला यायचा) कडेवरची बी२१ नावाची पिन टेपने झाकायचे, म्हणजे बोर्ड आपणहून १०० ची बस द्यायचं. नखाएवढी पिन, तिच्यावर सेलोटेपची बारीक पट्टी, हात न थरथरता बसवायची.

आमच्या सायबर कॅफेत असं एक मशीन होतं. गिऱ्हाईक त्याच मशीनसाठी थांबून राहायचं.

आणि लक्षात घ्या, ते मशीन नुसतं आकड्याने ४५० नव्हतं. त्या सेलेरॉनमध्ये कॅश (चिपच्या हाताशी असलेली छोटी, वेगवान मेमरी) फक्त १२८ केबी होती, पण ती प्रोसेसरच्या पूर्ण वेगाने चालायची. पेंटियम टूची कॅश ५१२ केबी, पण अर्ध्या वेगाने. म्हणून बऱ्याच कामांत स्वस्त चिप महागड्या चिपच्या खांद्याला खांदा लावून उभी राहायची. अमळनेरी भाऊ, करून बघा. मशीनचं बोनेट उघडल्याशिवाय मशीन कळत नाही.

पाचोऱ्याचा_पुण्यात
स्लॉटवन काका, आठवणी जबरदस्त आहेत, पण त्या काळाचं गणित आज लागू नाही. तेव्हा कंपन्या चिपमध्ये खूप जागा सोडून विकायच्या. चांगली निघालेली चिपही मागणीपोटी स्वस्तात स्वस्त नावाखाली जायची. आता चिप स्वतःच तापमान, करंट आणि व्होल्टेज बघून क्षणाक्षणाला वेग वाढवते. तुम्ही जो ५० टक्के वेग फुकटात काढलात, तो आज कारखान्यातच काढून विकला जातो. आपल्या वाट्याला पाच-आठ टक्के उरतात.

इंटेलवाल्यांना तर तेही नाही. २०११ मध्ये सँडी ब्रिजपासून मूळ क्लॉकलाच बाकीच्या बसेस बांधल्या, त्यामुळे तो चार-पाच टक्क्यांपलीकडे हलेना. के अक्षराची (गुणक मोकळा असलेली) चिप आणि त्याला साजेसा महाग बोर्ड घ्या, नाहीतर गप्प बसा. मधे २०१५ च्या शेवटी स्कायलेकमध्ये साध्या चिपसाठीही एक पळवाट सापडली होती, ती पुढच्या काही महिन्यांत बायोस अपडेटमधून बुजवली गेली.

स्लॉटवन
पाचोऱ्याचे भाऊ, २०१४ चा पेंटियम जी३२५८ विसरलात. ७२ डॉलरची चिप, गुणक मोकळा, ३.२ वरून ४.४-४.५ पर्यंत जायची. म्हणजे १९९८ नंतरही दार उघडलं होतं.

पाचोऱ्याचा_पुण्यात
उघडलं होतं, पण दोन कोअर आणि दोनच थ्रेड. वेग कितीही वाढवा, चार थ्रेड मागणारे गेम पुढे त्याच्यावर सुरूच होईनात. माझा मुद्दा तोच आहे. मेगाहर्ट्झ वाढवता येतात, कोअर आणि कॅश वाढवता येत नाहीत.

सातपुडा_गेमर
कोअर वाढवता यायचे की! २००९ चे फेनॉम टू एक्स२. आत चार कोअर असायचे, दोन बंद करून विकलेले. बायोसमध्ये एक पर्याय चालू केला की नशीब असेल तर चारही जागे व्हायचे. माझ्या मोठ्या भावाचे झाले होते.

पाचोऱ्याचा_पुण्यात
नशीब असेल तर. हाच शब्द धरून ठेवा :)

ओहमताई
मी जळगावात पॉलिटेक्निकला इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. मूळ प्रश्नाकडे येते, कारण यातला उष्णतेचा भाग आपल्याकडे सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि त्यावरच सगळे घाईने पुढे जातात.

चिप चालताना खर्च होणारी वीज वेगाच्या पटीत वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. समजा ४.२ गिगाहर्ट्झला १.२ व्होल्ट लागतात आणि ४.६ साठी १.३५ द्यावे लागले. वेग वाढला साडेनऊ टक्के. वीज किती वाढली? १.३५ भागिले १.२, त्याचा वर्ग, म्हणजे सुमारे १.२७. त्याला वेगाच्या १.०९५ ने गुणा: १.३९. म्हणजे साडेनऊ टक्के वेगासाठी ३९ टक्के जास्त उष्णता. ती सगळी त्या छोट्या कूलरने बाहेर फेकायची आहे.

आता दुसरी बाजू. कूलर चिपला हवेपेक्षा थंड करू शकत नाही. तो फक्त चिप आणि हवा यांच्यातला फरक ठरवतो. ५५०० ची कमाल मर्यादा ९० डिग्री आहे. एसीच्या खोलीत २२ डिग्री हवा, कॅबिनेटच्या आत २८ धरा, तर हाताशी ६२ डिग्री मोकळे असतात. तुमच्या खोलीत ४२, कॅबिनेटच्या आत हवा कोंडून ४८ धरा, म्हणजे हातात उरले ४२. तोच कूलर, तीच चिप, आणि खेळायला जागा जवळपास एक तृतीयांश कमी. सातपुडा_गेमरचं डिसेंबरचं सेटिंग एप्रिलमध्ये पडलं ते यामुळेच.

म्हणून माझं स्पष्ट मत: मे महिन्यात व्होल्टेज वाढवून ओव्हरक्लॉक करू नका. उलट व्होल्टेज कमी करा. चिप थंड राहिली की ती स्वतःच जास्त वेळ वरच्या वेगावर टिकते. तुमचं मशीन रेंडरच्या वेळी आत्ता ४.२ वर चालतंय की तापून ३.८ वर उतरलंय, हे आधी बघा. एचडब्ल्यूइन्फो (वेग आणि तापमान दाखवणारा प्रोग्राम) लावून ठेवा आणि आकडे इथे टाका. त्याशिवाय पुढचं सगळं बोलणं हवेतलं आहे.

तापीकाठ
ताईंना शंभर टक्के अनुमोदन. भुसावळकर आहे, त्यामुळे उन्हाबद्दल बोलायचा अधिकार जन्मसिद्ध :)

एक शंका. आपल्याकडे घरोघरी पाण्याचा कूलर असतो. पीसी त्याच्या झोतात ठेवला तर? आत पाणी धरेल अशी भीती घरचे घालतात.

ओहमताई
दव थंड पृष्ठभागावर धरतं. चालू पीसी भोवतालच्या हवेपेक्षा नेहमी गरम असतो, त्यामुळे आत दव धरण्याचं कारण नाही. कोरड्या उन्हाळ्यात कूलरची हवा बाहेरच्यापेक्षा आठ-दहा डिग्रीने सहज खाली येते, आणि तेवढाच फायदा चिपला होतो. फक्त झोताच्या अगदी तोंडाशी ठेवू नका. आपलं बोअरचं पाणी क्षाराचं, त्याचे बारीक तुषार उडतात आणि वाळले की पांढरा थर सोडतात. तो थर बोर्डावर नको. बाजूला, चार-पाच फुटांवर ठेवा आणि खिडकी उघडी ठेवा. जूनमध्ये हवेत ओल आली की मात्र या उपायाचा जोर संपतो.

जिनिंगवाला
एक गोष्ट कोणीच बोललं नाही. धूळ आणि कापूस.

आमचं घर जिनिंगच्या पलीकडच्या गल्लीत, चोपड्याला. मागच्या आठवड्यात भाच्याचा पीसी "हळू चालतो" म्हणून उघडला. प्रोसेसरचा पंखा चार स्क्रू काढून वर उचलला. खाली हीटसिंकच्या पट्ट्या दिसेचनात. त्यांच्यावर कापसाच्या बारीक तंतूंचा थर जमलेला, वर धुळीने राखाडी, खालून पांढराशुभ्र. चिमट्याने एक कोपरा धरून ओढला तर अख्खा थर एकसंध निघाला, पंख्याच्या गोल आकाराचा. पट्ट्यांमधून हवा जायला वाटच नव्हती. ब्रशने साफ केलं, चिप आणि हीटसिंकमधली जुनी वाळलेली पेस्ट पुसून नवी लावली. रेंडरला जे ९० ला टेकत होतं ते ७० च्या आतबाहेर आलं. यात ओव्हरक्लॉक बिव्हरक्लॉक काही नाही.

अमळनेरी भाऊ, आधी स्क्रू ड्रायव्हर घ्या, मग बायोस उघडा. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवा, गरागरा फिरू देऊ नका, बेअरिंग जातं.

गोलाणी_वारी
माझा निम्मा वेळ जळगावच्या गोलाणी मार्केटच्या जिन्यांवर जातो, म्हणून खरेदीच्या अंगाने सांगतो.

पहिली गोष्ट, एएमडीमध्ये बोर्डाच्या नावातलं पहिलं अक्षर बघा. ए३२०, ए५२० वर प्रोसेसरचा गुणक बदलता येत नाही. बी३५०, बी४५०, बी५५० वर येतो. एका दुकानदाराने माझ्या मित्राला "यातही होतं" म्हणून ए५२० गळ्यात मारला होता. होत नाही. बिल फाडण्याआधी विचारू नका, बघा.

दुसरी गोष्ट, बी४५० मध्येही पोटजाती आहेत. प्रोसेसरच्या सॉकेटच्या डाव्या बाजूला वीज पुरवणारे छोटे काळे चौकोन असतात, त्यांच्यावर अ‍ॅल्युमिनियमची पट्टी आहे का बघा. स्वस्त बोर्डावर ते उघडेच असतात. तुमच्या बोर्डावर उघडे असतील तर व्होल्टेज वाढवायचा विचार सोडा. प्रोसेसर वाचेल, बोर्ड उन्हाळ्यात जाईल.

तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची: एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा. कॅबिनेटबरोबर फुकट आलेला असेल तर ओव्हरक्लॉकचं नाव काढू नका. शेतातले पंप सुरू झाले की आपल्याकडे व्होल्टेज १८० च्या खाली येतं. चांगला एसएमपीएस १०० ते २४० व्होल्टवर निमूट चालतो. फुकटातला तेवढ्यात धाप टाकतो, आणि दोष मात्र ओव्हरक्लॉकवर येतो.

पाचोऱ्याचा_पुण्यात
गोलाणीभाऊंनी छान सांगितलं. आता कॅशचा मुद्दा पूर्ण करतो, कारण मूळ प्रश्न "बरोबरी" चा आहे.

५५०० आणि ५६००एक्स हे एकाच चिपचे लहान-मोठे भाऊ नाहीत. ५५०० ही मुळात ग्राफिक्सवाल्या प्रोसेसरची चिप आहे, ग्राफिक्स बंद करून विकलेली. तिच्यात एल३ कॅश १६ एमबी. ५६००एक्स वेगळ्या बांधणीचा, त्यात ३२ एमबी. गेममध्ये हा फरक जाणवतो आणि ४.६ काय, ४.८ केला तरी तो पूर्ण भरून निघत नाही. रेंडर आणि एन्कोडिंगमध्ये मात्र कॅशचा फरक बराच कमी दिसतो. तिथे सगळे कोअर किती वेगाने चालतात हेच मोठं. म्हणजे अमळनेरी_फ्रेमच्या कामाला बरोबरी जवळ आहे, सातपुडा_गेमरच्या कामाला लांब.

खरी बरोबरी पाहिजे असेल तर साधा ५६०० बघा. ३२ एमबी कॅश, ४.४ गिगाहर्ट्झ, बाजारात आला तेव्हा १९९ डॉलर. तो आणि ५६००एक्स मात्र खरेच सख्खे भाऊ.

सातपुडा_गेमर
एवढं कळल्यावर झोप नाही लागणार आज :D

कॅनव्हास_धुळे
२००८ ला आम्ही इंजिनीयरिंगच्या होस्टेलवर पेंटियम ई२१६० घेतला होता. १.८ गिगाहर्ट्झचा, ८४ डॉलरच्या वर्गातला. बस २०० वरून ३३३ केली, गुणक ९, झाला ३.० गिगाहर्ट्झ. ई६८५० बाजारात आला तेव्हा त्याची किंमत २६६ डॉलर होती, तोही ३३३ गुणिले ९, ३.० च. फक्त त्याची कॅश ४ एमबी, आमची १ एमबी. पाचोऱ्याचे भाऊ म्हणतात तोच प्रकार, तेव्हाही होता. पण खरं सांगतो, आमच्या मशीनवर सगळ्या होस्टेलचे प्रोजेक्ट कंपाइल व्हायचे आणि मोबदल्यात शेवभाजी यायची. त्या १ एमबीने कुणाचं काही अडलं नाही.

भरीत_पार्टी
शेवभाजी कोणत्या हॉटेलनी? हाई पह्यले सांग. प्रोसेसरनं मंग पाहू.

कॅनव्हास_धुळे
भो, त्यासाठी वेगळा धागा काढ, तिथे दोनशे प्रतिसाद मी एकटा देतो.

अमळनेरी_फ्रेम
सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, आकडे घेतले. दुपारी तीनला रेंडर लावल्यावर पहिली दोन मिनिटं ४.१ च्या आसपास, मग तापमान ८९ वर जाऊन वेग ३.७ ते ३.८. रात्री अकराला तेच काम ४.० ला टिकतं. म्हणजे तुमचा अंदाज बरोबर निघाला, दुपारी मशीन कंपनीने दिलेला वेगही पूर्ण देत नाहीये.

रॅमचंही बघितलं. स्टिक ३२०० ची आहे असं पाकिटावर लिहिलंय, टास्क मॅनेजरमध्ये २६६६ दिसतंय. हे असंच असतं का?

गोलाणी_वारी
असंच असतं, आणि निम्म्या मशीनमध्ये कायम तसंच राहतं. बायोसमध्ये एक्सएमपी नावाचा पर्याय चालू करा, काही बोर्डांवर त्याला डीओसीपी म्हणतात. तो चालू केल्याशिवाय रॅम बऱ्याचदा पाकिटावरच्या वेगाने चालत नाही.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तुमची एकच स्टिक. एक स्टिक २६६६ ला सेकंदाला २१.३ जीबी देऊ शकते. ३२०० ला २५.६. तशाच दोन स्टिक योग्य खाचांत बसवल्या की ५१.२. रायझनमध्ये आतल्या जोडणीचा वेगही रॅमच्या वेगाला बांधलेला असतो, त्यामुळे रॅम सुधारली की चिपही सुधारते. दुसरी स्टिक त्याच कंपनीची, त्याच नंबरची घ्या. सॉकेटपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवा. दोनच खाचा असतील तर प्रश्नच नाही.

ओहमताई
आता क्रम लावून देते. आधी साफसफाई आणि नवी पेस्ट. मग रॅम. मग टॉवर कूलर, एका पंख्याचा साधा पुरेल. हे झाल्यावर बायोसमध्ये पीबीओच्या (एएमडीच्या वेग वाढवण्याच्या सोयीच्या) आत कर्व्ह ऑप्टिमायझर सापडेल, त्यातून व्होल्टेज कमी करता येतं. सगळे कोअर, निगेटिव्ह, १० पासून सुरुवात. प्रत्येक पायरीला साधारण ३ ते ५ मिलिव्होल्ट कमी होतात. ३० पर्यंत जाता येतं, पण जायलाच पाहिजे असं नाही.

यात एक खोच आहे. व्होल्टेज कमी केलेलं मशीन सहसा रेंडरला पडत नाही. ते बहुधा रात्री काही न करता उभं असताना पडतं, कारण कमी कामात एखादा कोअर सगळ्यात वरच्या वेगाला उडी मारतो आणि तिथे व्होल्टेज अपुरं पडतं. म्हणून नुसता सिनेबेंच (सगळ्या कोअरवर भार टाकणारी चाचणी) चालवून "झालं" म्हणू नका. ओसीसीटी या प्रोग्रामने एकेक कोअर तपासा, मशीन रात्रभर नुसतं चालू ठेवा, आणि सकाळी विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डब्ल्यूएचईए नावाच्या (हार्डवेअरच्या चुकांच्या) नोंदी आल्यात का बघा. एक जरी नोंद असली तरी ५ ने मागे या.

तापीकाठ
ताई, मला वाटतं यापेक्षा मोठी सूचना पहिल्या पानावर पाहिजे. अमळनेरी भाऊंचं काम लग्नाचं आहे. अस्थिर रॅम मशीन बंद पाडतेच असं नाही, ती गुपचूप फाइलमधले आकडे बदलते. कार्डावरून हार्ड डिस्कवर फूटेज कॉपी करताना असं झालं तर कळणारही नाही, आणि लग्न परत लागत नाही. कन्यादानाचा शॉट खराब झाला तर त्या घरच्यांना तुम्ही काय सांगणार?

म्हणून कितीही घाई असो, सेटिंग बदलायच्या आधी सगळं फूटेज दोन वेगळ्या डिस्कवर ठेवा आणि कार्ड कोरी करू नका. रॅमला हात लावला की मेमटेस्ट८६ (रॅम तपासणारा प्रोग्राम) पूर्ण होऊ द्या, मगच गिऱ्हाइकाची फाइल उघडा.

स्लॉटवन
हे मात्र मान्य. गेमवाल्याचं मशीन पडलं तर गेम जातो. हे दुसऱ्याच्या घरचं कार्य आहे.

पाचोऱ्याचा_पुण्यात
आणि वॉरंटी. ओव्हरक्लॉकमुळे झालेलं नुकसान एएमडीच्या वॉरंटीत बसत नाही, पीबीओसुद्धा त्यात धरतात. चिप डब्यातली असेल तर तीन वर्षं मिळतात, ती घालवायची का हे आधी ठरवा.

रेंडरबद्दल एक वेगळं: प्रीमियरमध्ये एक्सपोर्टला हार्डवेअर एन्कोडिंग निवडलंय का? १६५० मध्ये त्यासाठी वेगळा भाग आहे. तो रिकामा बसला असेल आणि सगळा भार प्रोसेसरवर पडत असेल, तर चुकीच्या जागी घाम गाळताय. फोर-के फूटेजला प्रॉक्सी (एडिटपुरत्या हलक्या प्रती) बनवून एडिट करत नसाल तर तेही सुरू करा.

अमळनेरी_फ्रेम
हार्डवेअर एन्कोडिंग चालू आहे भाऊ, पण रंग आणि आवाज साफ करायचे प्लगइन प्रोसेसरच खातात. प्रॉक्सी आजपासून.

सीझन अंगावर आहे, म्हणून एका दमात सगळं करत नाही. जिनिंगवाल्या दादांचं आज संध्याकाळी, बाकीचं हातातली दोन लग्नं दिल्यावर. मग इथेच लिहितो.

भरीत_पार्टी
लिहीजो भाऊ. आणि कितला खर्च उना तेही सांगजो.

*(काही दिवसांनी)*

अमळनेरी_फ्रेम
सांगितल्याप्रमाणे आलो. एकच टाइमलाइन ठेवली, हळदीचा नऊ मिनिटांचा तुकडा, सगळे प्लगइन लावलेला. प्रत्येक बदलानंतर दुपारी तीनलाच चालवला, म्हणजे ऊन सगळ्यांना सारखं.

मूळ अवस्थेत ३१ मिनिटं. साफसफाई आणि नवी पेस्ट लावल्यावर २८. दुसरी स्टिक टाकून एक्सएमपी ३२०० केल्यावर २५. टॉवर कूलर आणि कर्व्ह निगेटिव्ह १५ केल्यावर २४ ला थोडं कमी. आता दुपारीही वेग ४.२ ला टिकतो आणि तापमान ७६ च्या वर गेलेलं नाही. २० वर नेलं होतं, पण सकाळी इव्हेंट व्ह्यूअरमध्ये एक नोंद दिसली, ताईंच्या सांगण्याप्रमाणे ५ ने मागे आलो.

मित्राच्या ५६००एक्सवर तीच फाइल नेऊन चालवली, त्याच्याच घरी, दुपारीच. २३ मिनिटं. त्याच्याकडे रॅमच्या दोन स्टिक आहेत आणि डब्यातलाच कूलर.

खर्च फक्त रॅम, कूलर आणि पेस्टचा. व्होल्टेज कुठेही वाढवलेलं नाही. ४.६ ला मी हातच लावला नाही आणि आता लावायची गरजही दिसत नाही.

स्लॉटवन
एका मिनिटाच्या अंतरावर आलात! पण हिवाळ्यात एकदा ४.५ करून बघाच. तुमच्यासाठी नाही, माझ्यासाठी.

पाचोऱ्याचा_पुण्यात
मित्राचं मशीन साफ करू नका म्हणजे झालं :)

जिनिंगवाला
तीन मिनिटं नुसत्या झाडलोटीत! दर दोन महिन्यांनी पंखा उघडा भाऊ, वेचणी सुरू झाली की महिन्याला.

सातपुडा_गेमर
ताई, मीही ४.४ चं सेटिंग काढून कर्व्हवर आलो. गेममध्ये फ्रेम तेवढ्याच, पण पंख्याचा आवाज निम्म्यावर. आई म्हणाली, आज मशीन बंद आहे का?

नवापूर_नवा
पहिलाच प्रतिसाद. माझ्याकडे ५६०० आणि ए५२० बोर्ड आहे. गुणक बदलता येत नाही हे वर वाचलं. मग व्होल्टेज कमी करायचंही विसरायचं का?

गोलाणी_वारी
बोर्डाबोर्डावर अवलंबून आहे. बायोस ताजं करून बघा, काही ए५२० वर कर्व्हचा पर्याय दिसतो, काहींवर लपवलेला असतो. रॅमचं एक्सएमपी मात्र ए५२० वर चालतं, ते आजच करा. बोर्डाचं पूर्ण नाव आणि बायोसची आवृत्ती इथे टाका, मग नेमकं कुठे बघायचं ते सांगतो. आणि बायोस अपडेट करताना मशीन इन्व्हर्टरवर घ्या, मधेच लाइट गेली तर बोर्ड उठत नाही.

नवापूर_नवा
संध्याकाळी फोटो टाकतो दादा. आत्ता लाइटच नाहीये.